चवथीचं पोट की अपेंडिक्स? पहिल्या 24 तासांत घरात काय बघायचं

चवथीच्या दिवसांत गोव्यात कुणाचं पोट दुखत नाही? दुपारी खतखतं, वडे, पातोळ्या, संध्याकाळी आरतीला जाऊ त्या प्रत्येक घरात हातावर पंचखाद्य आणि एक नेवरी. माझ्या 14 वर्षांच्या भाच्याचं पोट चवथीच्याच संध्याकाळी दुखायला लागलं. रात्री दहाला वैनीचा फोन आला, "वन्सं, पोराचं पोट दुखतंय, एकदा उलटी पण झाली." शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स म्हणून आयुष्याची बरीच वर्षं काढलेली मी काय म्हणाले? "अगं, नेवऱ्या जास्त झाल्या असतील. ओवा दे, झोपू दे."

दुसऱ्या दिवशी रात्री त्याला ऑपरेशन टेबलावर घ्यावं लागलं, तोवर अपेंडिक्स फुटलं होतं. पोरगा बरा झाला, पण दोन दिवसांत घरी येणारा तो आठ दिवसांनी आला, पोटात नळी घालून आणि सलाइनच्या सुयांनी दोन्ही हात सुजवून.

त्या रात्री फोनवर मी तीन प्रश्न विचारायला हवे होते. आधी काय झालं, दुखणं की उलटी? संध्याकाळी कुठे दुखत होतं आणि आता कुठे दुखतंय? आणि त्याने काही खायला मागितलं का? वॉर्डात हे प्रश्न मी झोपेतही विचारले असते. घरचा फोन आला की आपण नर्स राहत नाही, आत्या होतो. पोटदुखीला आपल्याकडे कारण नेहमी तयारच असतं. चवथीत नेवऱ्या, मे महिन्यात फणस, जत्रेत खाजं, पावसाळ्यात "बाहेरचं काहीतरी खाल्लं". अपेंडिक्स वाढतं ते या तयार कारणाच्या आड. म्हणून पुढे जे लिहिते आहे ते कारण शोधण्यासाठी नाही, घड्याळाकडे आणि माणसाकडे नीट बघण्यासाठी आहे.

अपेंडिक्स म्हणजे नेमकं काय आणि ते सुजतं का

मराठी पुस्तकांत त्याला आंत्रपुच्छ म्हणतात. घरात सगळे "अपेंडिक्स झालं" असंच म्हणतात, जणू तो आजार आहे. खरं तर अपेंडिक्स प्रत्येकाला असतंच, आजार आहे तो त्याची सूज. लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं तिथे, पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, करंगळीसारखी एक पोकळ शेपटी लोंबत असते. सर्वसाधारण लांबी 6 ते 9 सेंटिमीटर. एक टोक आतड्यात उघडतं, दुसरं बंद. या एका बंद टोकामुळेच पुढचा सगळा त्रास होतो.

उघडं तोंड कशाने तरी बुजलं की आत तयार होणाऱ्या चिकट स्रावाला बाहेर यायला वाट उरत नाही. तोंड बुजवणारी वस्तू पुष्कळदा विष्ठेचा वाळून दगड झालेला छोटा खडा असते. मुलांत आणि तरुणांत दुसरं कारण जास्त दिसतं: अपेंडिक्सच्या भिंतीत टॉन्सिलसारख्या पेशींच्या गाठी असतात, एखाद्या साथीच्या आजारात त्या सुजतात आणि आतून वाट अडवतात. कधी जंत, वयस्कर माणसात क्वचित एखादी गाठ. प्रत्येक वेळी अडथळा सापडतोच असं नाही.

पुढचा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण लक्षणं त्याच क्रमाने येतात. आत दाब वाढतो. दाबामुळे आधी शिरांतून परत जाणारं रक्त अडतं, भिंत सुजते. आतड्यात नेहमी राहणारे जंतू अडकलेल्या जागेत झपाट्याने वाढतात. दाब आणखी वाढला की आत येणारं रक्तही थांबतं, भिंतीचा तुकडा मरतो आणि तिथे भोक पडतं. मग पू आणि घाण पोटाच्या पोकळीत. हे सगळं व्हायला साधारण दीड-दोन दिवस लागतात, काहींना कमी. लहान मुलांत फारच कमी.

पेरूच्या बिया, चिकूची बी, कलिंगडाच्या बिया यांच्यावर आपल्याकडे फार आळ येतो. बी जाऊन अडकल्याची उदाहरणं आहेत, पण इतकी विरळ की त्यासाठी पोराच्या हातातला पेरू काढून घेऊ नका. भाच्याच्या आजीने तो बरा झाल्यावर वर्षभर त्याला पेरू दिला नाही, आणि परसात पेरूचं झाड वाकलेलं.

हा आजार कुठल्याही वयात होतो, पण 10 ते 30 या वयोगटात सर्वांत जास्त. घरात आई-वडिलांना किंवा भावंडांना झाला असेल तर शक्यता थोडी वाढते. आधी काही त्रास नसलेल्या, सकाळी फुटबॉल खेळून आलेल्या पोराला तो संध्याकाळी होऊ शकतो. "तो तर धडधाकट आहे" हा मुद्दा इथे चालत नाही.

दुखणं जागा का बदलतं

हे एक समजलं की अर्धं अपेंडिक्स समजलं. सूज आत असते तेव्हा दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा आतड्याच्या असतात, आणि त्यांचा पत्ता मेंदूकडे ढोबळ असतो. म्हणून सुरुवातीला बेंबीभोवती किंवा जठराच्या जागी दुखतं. माणूस पूर्ण तळहात पोटावर फिरवतो आणि "इथेच कुठेतरी" म्हणतो. वायू धरल्यासारखं, गुबारल्यासारखं. काही तासांनी सूज अपेंडिक्सच्या बाहेरच्या बाजूला येते आणि पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. त्या अस्तराच्या नसांचा पत्ता पक्का असतो. मग दुखणं उजवीकडे खाली उतरतं आणि माणूस एका बोटाने जागा दाखवतो.

बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचं पुढे आलेलं टोक यांच्यामध्ये सरळ रेघ ओढा. हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर जो बिंदू येतो त्याला अमेरिकेतले सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांचं नाव आहे. त्यांनी 1889 साली तो सांगितला आणि अजून प्रत्येक डॉक्टर तिथेच बोट ठेवतो.

जागा बदलणारं दुखणं सगळ्यांना होत नाही, निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत ते सापडतं. पण सापडलं तर दुर्लक्ष करायचं नाही.

पायरी पहिली: कागद घ्या, वेळ लिहा

पोटदुखी सुरू होऊन तास-दोन तास झाले आणि ती कमी होत नाही असं वाटलं की कॅलेंडरच्या मागे, वहीत, कुठेही लिहायला घ्या. मोबाईलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण मोबाईल रुग्णाकडे राहतो आणि रुग्ण झोपतो. भाच्याची नोंद आम्ही नंतर, हॉस्पिटलच्या बाकावर बसून, आठवून आठवून केली. ती अशी होती:

संध्याकाळी 6: बेंबीपाशी दुखतंय म्हणाला.
7: आरतीनंतर नेवरी दिली, नको म्हणाला.
9: एकदा उलटी.
10: मला फोन. ओवा.
सकाळी 7: "बरं वाटतंय", पण कुशीवर, पाय पोटाशी घेऊन पडलेला. चहा नको.
दुपारी 12: उजवीकडे खाली दुखतंय. अंग कोमट. आजीने एरंडेल दिलं.
4: अचानक दुखायचं थांबलं. सगळ्यांना हायसं वाटलं. गणपती दीड दिवसाचे, त्यामुळे घर विसर्जनाला गेलं.
6: ताप 102, पोट फळीसारखं कडक.

हीच नोंद रात्री दहाला डोळ्यांसमोर असती तर मी सकाळपर्यंत थांबायला सांगितलं नसतं. दुखणं आधी, उलटी नंतर. नेवरी नाकारणारा 14 वर्षांचा मुलगा. एवढ्यावरच शंका यायला हवी होती. भूक जाणं हे या आजाराचं इतकं जुनं लक्षण आहे की आमचे एक सर्जन पोटदुखीच्या मुलाला आवडता पदार्थ विचारत आणि "आता आणून दिला तर खाशील?" असं पुढे म्हणत. मूल हो म्हणालं की त्यांचा चेहरा थोडा सैल व्हायचा.

नोंदीत या गोष्टी असू द्या: दुखणं सुरू झाल्याची वेळ आणि जागा, दर दोन तासांनी जागा, उलटी झाली तर ती दुखण्याच्या आधी की नंतर, थर्मामीटरने मोजलेला ताप (हात लावून नव्हे), शौचास कसं झालं, लघवीला जळजळ आहे का, शेवटचं काय आणि कधी खाल्लं-प्यायलं, कुठली गोळी दिली. पोट बिघडल्यावर बहुतेक वेळा उलटी आणि जुलाब आधी येतात आणि पोटात मुरडा नंतर. अपेंडिक्समध्ये बहुधा उलटं. ताप सुरुवातीला अगदी साधा, 99 ते 101 असतो. ताप नाही म्हणून अपेंडिक्स नाही, असं म्हणता येत नाही.

पायरी दुसरी: बोट ठेवायला सांगा, मग हलवून बघा

रुग्णाला उताणं झोपवा, गुडघे वाकवू द्या. "एका बोटाने दाखव" म्हणा. तळहात फिरतो की बोट टेकतं, हे बघा. मग खोकायला सांगा. खोकताना उजव्या खालच्या बाजूला कळ येऊन हात आपोआप तिथे गेला तर ते अस्तराला सूज आल्याचं चिन्ह. मुलाला उजव्या पायावर एक उडी मारायला सांगा. बहुतेक मुलं अशा वेळी उडी मारतच नाहीत, नुसती बघतात. तेही उत्तरच. चालताना थोडं पुढे वाकून, उजवा हात पोटावर धरून चालणं हेही.

आपल्या रस्त्यांवर एक परीक्षा फुकट होते. 2012 साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी रुग्णांना विचारलं की हॉस्पिटलला येताना गाडी गतिरोधकावरून गेली तेव्हा दुखणं वाढलं का. अपेंडिक्स पक्कं ठरलेल्या 34 जणांपैकी 33 जणांनी हो म्हटलं. आपल्याकडे स्पीडब्रेकरची कमतरता नाही, खड्ड्यांची तर नाहीच. पण हे नीट समजून घ्या: गतिरोधकावर दुखलं म्हणजे अपेंडिक्सच, असं नाही, इतर पोटदुख्यांतही ते होतं. न दुखणं मात्र डॉक्टरांना थोडा दिलासा देतं. डॉक्टरांना हे आठवणीने सांगा.

पोट दाबून एकदम हात सोडायची परीक्षा व्हिडिओत बघून घरात करू नका. ती करायला हाताला सवय लागते, आणि चार माणसांनी चारदा केली की पोर पाचव्याला, म्हणजे डॉक्टरला, हातच लावू देत नाही.

काय द्यायचं नाही

इथे मला जरा ठासून बोलू द्या.

एरंडेल नको. जुलाबाची कुठलीच गोळी, चूर्ण, एनिमा नको. "पोट साफ झालं की बरं वाटेल" हे बद्धकोष्ठाला खरं आहे. सुजलेल्या, ताणलेल्या अपेंडिक्सशेजारी आतडं जोराने हलवणं धोक्याचं आहे. गरम पाण्याची पिशवीही नको. पोटाला फेणी चोळायची पद्धत अजून घरोघरी आहे, तिने अपेंडिक्स फुटत नाही, पण तासभर जातो आणि रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचतो तेव्हा सगळ्या खोलीला वास येतो. घोटभर फेणी पाजणं तर मुळीच नको.

शंका आली की खाणं बंद. पेज, सोलकढी, शहाळं, सगळंच. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, साधारण सहा तास. डॉक्टर दाखवेपर्यंत तोंड कोरडं पडलं तर ओठ ओले करा.

दुखण्याची गोळी हा प्रश्न थोडा वेगळा आहे. पूर्वी आम्हाला शिकवत की निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊच नये, लक्षणं झाकली जातात. आता हॉस्पिटलमध्ये तपासणी सुरू असताना वेदना कमी करणारं इंजेक्शन देतात आणि त्याने निदान चुकत नाही हे मान्य झालं आहे. पण ते डॉक्टरांच्या हातात. घरी गोळी देऊन "आता बरं आहे, सकाळी बघू" हा वेगळाच खेळ आहे.

दृष्ट काढायची असेल तर काढा. दोन मिनिटं लागतात. फक्त त्याआधी गाडी बाहेर काढून ठेवायला सांगा.

पुस्तकात बसत नाही असं अपेंडिक्स

शेपटीचं बंद टोक प्रत्येकात वेगळ्या दिशेला असतं. ते मोठ्या आतड्याच्या मागे वळलेलं असेल तर पोटात पुढे फार दुखत नाही, उजव्या कुशीत किंवा कमरेत दुखतं आणि सगळे मुतखडा म्हणतात. टोक खाली ओटीपोटात गेलेलं असेल तर मूत्राशयाला आणि गुदाशयाला लागून बसतं. मग लघवीला सारखी घाई, थोडं थोडं पातळ शौचास, आणि निदान होतं "इन्फेक्शन". जुलाब आहेत म्हणजे अपेंडिक्स नाही, असं म्हणणाऱ्याला हे सांगा.

पाच वर्षांखालच्या मुलाला कुठे दुखतं ते सांगता येत नाही. ते चिडचिडं होतं, पाय पोटाशी घेतं, खात नाही, उलटी करतं. या वयात निदान व्हायच्या आधीच अपेंडिक्स फुटलेलं असण्याचं प्रमाण मोठं आहे. इथे थांबून बघणं नाही.

म्हाताऱ्या माणसांत उलट: दुखणं कमी, ताप कमी, रक्ताच्या तपासणीत फारसं काही नाही, आणि आत मात्र बिघडलेलं. "आबांचं पोट दोन दिवस जरा जड आहे, जेवत नाहीत" एवढंच सांगणारी मुलगी मी पाहिली आहे. मधुमेह असेल तर आणखी सावध.

गरोदरपणात वाढत्या गर्भाशयामुळे अपेंडिक्स वर ढकललं जाऊ शकतं आणि दुखणं बेंबीच्या बरोबरीला किंवा बरगडीखाली येऊ शकतं. मळमळ तर तशीही असते. गरोदर बाईच्या पोटात सतत दुखत असेल तर वाट बघायची नाही, बाळासाठीही नाही. फुटलेलं अपेंडिक्स बाळाला ऑपरेशनपेक्षा कितीतरी धोक्याचं असतं.

बायकांच्या उजव्या खालच्या पोटदुखीला आणखी कारणं असतात: बीजकोषाची गाठ पिळवटणं, पाळीच्या मध्यावर दुखणं, गर्भनलिकेतला गर्भ. शेवटचं जिवावर बेततं. म्हणून शेवटच्या पाळीची तारीख डॉक्टर विचारतात, सासू बाजूला उभी असली तरी खरी सांगा. नाहीतर सासूला पाणी आणायला पाठवा.

मुलग्यांत वृषण पिळवटलं तरी दुखणं पोटात जाणवतं. ते लाजेने सांगत नाहीत. विचारा.

कधी निघायचं आणि कुठे

माझा नियम सोपा आहे. पोटात सहा तास न थांबता दुखतंय आणि भूक गेली आहे, तर डॉक्टरला दाखवायचं, रात्र असली तरी. दुखणं उजवीकडे खाली उतरलं असेल तर सहा तासही मोजत बसायचं नाही. पोट कडक झालं, ताप 102 च्या वर गेला, घाम फुटून माणूस गळाला, किंवा तासन्‌तास असलेलं दुखणं एकाएकी थांबलं आणि माणूस मात्र आजारीच दिसतो, तर 108 लावा. शेवटचं वाचून पुन्हा वाचा. अपेंडिक्स फुटतं तेव्हा आतला दाब सुटतो आणि काही वेळ खरंच आराम पडतो. आम्ही त्याच आरामात गणपती विसर्जन केले.

गोव्यात 108 ची रुग्णवाहिका फुकट आहे. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र तपासून सलाइन लावू शकतं, पण ऑपरेशनला सर्जन, भूलतज्ज्ञ आणि सोनोग्राफी एका छपराखाली लागते. उत्तरेला म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल, जुनी माणसं अजून आझिलोच म्हणतात. दक्षिणेला मडगावचं जिल्हा हॉस्पिटल, फोंड्यात उपजिल्हा हॉस्पिटल. आणि सगळ्यांच्या वर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, ज्याची मुळं 1842 साली पोर्तुगीज काळात सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातात. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीची माणसंही बांबोळीलाच येतात. सत्तरीच्या आतल्या गावातून किंवा काणकोणच्या टोकाहून निघायचं तर प्रवासाचा वेळ आजाराच्या वेळेत धरा. खासगी हॉस्पिटलला जाणार असाल तर निघण्याआधी फोन करून एकच विचारा: आत्ता सोनोग्राफी करणारे आणि सर्जन आहेत का? नसतील तर तिथे थांबून पहाट करू नका.

बरोबर घ्या: आधार कार्ड, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर ते (तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसं असतील तर चार लाखांचं संरक्षण), चालू गोळ्यांची पाकिटं, आणि तो वेळेचा कागद. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दारातच सांगा. कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही.

हॉस्पिटलात काय होतं

डॉक्टर हात लावून तपासतात, रक्त आणि लघवी घेतात, सोनोग्राफी करतात. पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा वाढलेल्या असतात. बरेच डॉक्टर 10 गुणांचं एक मोजमाप वापरतात, 1986 सालचं, अल्वाराडो नावाचं: दुखणं सरकलं 1, भूक गेली 1, मळमळ 1, उजवीकडे दाबल्यावर दुखतं 2, अशी बेरीज. 7 किंवा वर म्हणजे दाट शक्यता. सोनोग्राफीत 6 मिलिमीटरपेक्षा जाड आणि दाबून न दबणारं अपेंडिक्स दिसलं तर निदान जवळजवळ पक्कं. पण "सोनोग्राफीत अपेंडिक्स दिसलं नाही" याचा अर्थ "ठीक आहे" असा नाही. आतड्यात हवा असली, माणूस जाड असला की ते दिसतच नाही. तेव्हा सीटी स्कॅन करतात, किंवा भरती करून दर काही तासांनी पुन्हा पोट तपासतात. या थांबण्यावर नातेवाईक सर्वांत जास्त भडकतात. "नुसतं ठेवून घेतलंय" हे वाक्य मी हजारदा ऐकलं. तोच डॉक्टर पुन्हा येऊन हात लावतो तेव्हा दोन तासांतला फरक त्याला कळतो, आणि तो फरक हीच तपासणी असते.

पक्कं झालं की सलाइन, अँटिबायोटिक आणि ऑपरेशन. आता बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून, पोटावर तीन लहान छेद घेऊन करतात. दुर्बीण नसली तर उजवीकडे एक तिरका छेद. उघडं ऑपरेशन म्हणजे जुनाट उपचार, असं काही नाही, चांगल्या हाताने केलेलं तेही उत्तमच.

नुसत्या अँटिबायोटिकने बरं होतं का? होतं, पण सगळ्यांचं नाही आणि कायमचं नाही. न फुटलेल्या, खडा नसलेल्या अपेंडिक्समध्ये हा पर्याय डॉक्टर देऊ शकतात. अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्या दर 10 पैकी 3 जणांना 90 दिवसांत ऑपरेशन करावंच लागलं. फिनलंडच्या अभ्यासात पाच वर्षांत हे प्रमाण 39 टक्क्यांवर गेलं. म्हणून मी विचारते, तुम्ही पुढचे काही महिने कुठे असणार? पणजीत ऑफिसला जाणाऱ्याने गोळ्यांवर थांबून बघायला हरकत नाही. पण आपल्याकडे कितीतरी घरांतला एक मुलगा तारवटी असतो. जहाजावर सहा-नऊ महिने जाणाऱ्याने, डॉक्टर ऑपरेशन सुचवत असतील तर, ते टाळून समुद्रात जाऊ नये. 1961 साली अंटार्क्टिकातल्या तळावर लिओनिद रोगोझोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने आरसा धरायला लावून स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं, कारण तिथे दुसरा डॉक्टरच नव्हता. जहाजावर तेवढंही नसतं.

चार-पाच दिवस उशीर झालेल्या काहींत आजूबाजूची आतडी अपेंडिक्सभोवती चिकटून गोळा तयार होतो. तेव्हा लगेच ऑपरेशन न करता अँटिबायोटिकवर ठेवतात, पू असेल तर नळीने काढतात, आणि लागलं तर सहा-आठ आठवड्यांनी ऑपरेशन करतात. "आधी उशीर झाला म्हणता आणि आता थांबा म्हणता" असं वाटतं खरं, पण त्या वेळी चिकटलेली आतडी सोडवताना फाटायची भीती असते.

घरी आल्यावर

न फुटलेलं, दुर्बिणीतून काढलेलं असेल तर एक-दोन दिवसांत घरी. खांद्यात दुखलं तर घाबरू नका, पोटात भरलेल्या वायूचा तो परिणाम असतो, दोन दिवसांत जातो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून चाला, पडून राहिलात तर आतडी सुस्त राहतात. पेज, मऊ भात, मग दोन-तीन दिवसांत नेहमीचं जेवण. "टाके ओले आहेत, मासे नकोत" हे मला कुठल्याच सर्जनने कधी सांगितलेलं नाही. हुमण पचत असेल तर खा.

स्कूटर तेव्हाच चालवा, जेव्हा एकदम ब्रेक मारताना पोटात कळ येणार नाही असा स्वतःला भरवसा वाटेल. पाण्याची घागर, गॅसचा सिलिंडर, बागेत काजूची पोती हे दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे आणि उघड्या ऑपरेशननंतर सहा आठवडे लांब ठेवा, नक्की किती ते आपल्या सर्जनला विचारून. फुटलेलं असेल तर सगळंच सावकाश.

पाचव्या ते दहाव्या दिवशी ताप परत आला, पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, जखम लाल होऊन पाणी येऊ लागलं तर तोच कागद घेऊन परत जा. आत पू साठलेला असू शकतो, आणि तो साठतो तो नेमका घरी आल्यावर, सगळे भेटायला येऊन गेल्यावर.

एक गोष्ट बहुतेक लोक विसरतात. काढलेलं अपेंडिक्स तपासणीला जातं आणि त्याचा बायोप्सीचा अहवाल काही दिवसांनी येतो. क्वचित त्यात लहानशी गाठ सापडते, आणि मग पुढे काही करावं लागतं. टाके काढायला जाल तेव्हा तो अहवाल मागून घ्या, डॉक्टरांनी वाचला का ते विचारा आणि घरच्या फाइलीत लावा. भाच्याचा अहवाल साधाच होता. तो आणायला मी स्वतः गेले.